गुरांच्या दवाखान्यावरचा घोडेस्वार

परवा आमच्या सूनबाई बाजारातून कचरा विकत घेऊन आल्या. चांगला, पारदर्शक पिशवीत सीलबंद केलेला कचरा. त्यात आइस्क्रीमच्या न वापरलेल्या काड्या होत्या, ज्यांना कधी बाटलीच मिळाली नाही अशी बुचं होती, आणि कधीच न फाटलेल्या कापडाच्या चिंध्या होत्या. नातीच्या शाळेत 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' होतं आणि आमच्या घरात म्हणे वेस्ट सापडत नव्हतं. मी म्हटलं, अहो, मी आहे की. मला थोडा रंग लावा आणि न्या. सूनबाई हसल्या नाहीत. माझे विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी कळतात.

नातीनं विचारलं, तू बाई होतीस तेव्हा मुलांकडून असं काही करून घ्यायचीस का? घेतलं होतं ना. एकदाच. त्यानंतर पुन्हा करून घ्यायची माझी हिंमत झाली नाही आणि गावाचीही.

साल बाहत्तर. मी वीस वर्षांची होते आणि माझ्या मते भारतातल्या शिक्षणाचे दोन कालखंड होते: मी डी.एड. होण्याआधीचा आणि नंतरचा. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली, मिशनच्या शाळेत शिकलेली, आणि हस्तकला या विषयात विशेष प्रावीण्य मिळवलेली. हे प्रावीण्य मी चौकटीत घालून बरोबर नेलं होतं. नेमणूक मिळाली ती खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात. तिथं एसटी सकाळी एकदा यायची आणि संध्याकाळी मनात आलं तर. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत हेडगुरुजी तिसरी-चौथीला शिकवत, दुसरीत मी पहिली-दुसरीला घडवत असे. गुरुजी शिकवत, मी घडवत असे. हा फरक मी त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि बरं म्हणाले.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून खरं वाटणार नाही. गाव सगळं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी शिजायची. पोरं शाळेत यायची ती दुपारच्या सुकडीसाठी. माझी समजूत मात्र अशी की ती माझ्या अध्यापनपद्धतीमुळे येतात. पट वाढला तसं मी घरी पत्र लिहून कळवलंसुद्धा.

तर असं हे गाव, आणि मला तिथून जायचं होतं. उगाच त्यागाच्या गोष्टी सांगत नाही. नगरला नळ होता. नळाखाली बादली ठेवली की ती भरत असे, हा चमत्कार मला रात्रंदिवस आठवे. गुरुजींनीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की माझ्या आधीच्या मास्तरांना वार्षिक तपासणीत 'उत्तम' असा शेरा मिळाला, त्यांनी तिथल्या तिथं साहेबांच्या हातात बदलीचा अर्ज ठेवला आणि महिन्याभरात ते भिंगारला गेले. गुरुजींनी हे सहज सांगितलं. मी ते पाठ केलं. त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. त्यात माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. प्रत्यक्षात ते तेव्हा रोज सायकल मारत आठ मैल जात आणि वर सायकलला तेल देत. अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवली. आता शेरा तेवढा हवा होता.

तपासणीचं पत्र आलं. विस्तार अधिकारी साहेब शनिवारी सकाळच्या शाळेला येणार होते. गुरुजींनी भिंतीवरचे तक्ते पुसून घेतले, हजेरीपट नीट लावला आणि त्यांची तयारी संपली. माझी सुरू झाली. साहेब कार्यानुभवावर फार भर देतात असं पत्रात होतं. मी सोमवारी फळ्यावर चारही रंगांच्या खडूंनी लिहिलं: टाकाऊपासून टिकाऊ. आणि मुलांना सांगितलं की आपण आदर्श गावाचा देखावा करणार आहोत, तेव्हा प्रत्येकानं घरून टाकाऊ वस्तू आणायची.

एकानं विचारलं, टाकाऊ म्हंजी काय? जे टाकून द्यायचं असतं ते, मी म्हणाले. मग मीच उदाहरणं देत सुटले. फुटका डबा? त्यात मीठ ऱ्हातं. तुटकी चप्पल? ती बा घालतो. फाटलेलं लुगडं? त्याची वाकळ शिवत्यात. गळकी घागर? तिच्यात कोंबडी अंड्यावर बसलीया. त्या पस्तीस घरांत टाकून द्यावं असं काही नव्हतं, आणि हे कळायचं राहिलेली वर्गात एकटी मीच होते.

पण प्रावीण्य गप्प बसू देत नाही. मी व्याख्या रुंद केली. म्हणाले, "जी वस्तू घरात नुसती एका जागी बसून असते, रोजच्या कामाला येत नाही, पण घरच्यांनी उगाच जपून ठेवलेली असते, ती टाकाऊ." ही व्याख्या आजही माझ्या कानात आहे. मागून एक आवाज आला, "मग आमचं म्हातारं आनू का?" आणि भिंतीपलीकडे गुरुजींना खोकल्याची मोठी उबळ आली.

मंगळवारी वस्तू आल्या आणि बुधवारी त्यांच्या मागोमाग आया आल्या. एकीनं आपला कंदील नेला, एकीनं लाटणं, एकीनं काही न बोलता नवऱ्याची चप्पल उचलली आणि जाताना माझ्या पायांतल्या चपलांकडे एकदा नीट पाहून घेतलं. शेवटी माझ्या पदरात उरल्या त्या रिकाम्या काडेपेट्या, बांगड्यांच्या काचा, कोंबडीची पिसं आणि एक करवंटी. त्यावर मी आदर्श गाव उभं करायला घेतलं. आटलेल्या तळ्यातून माती आणली. खळीसाठी घरोघरी पीठ मागून पाहिलं, तेव्हा एका बाईनं विचारलं की चिकटवायला पीठ लागतं तर मग तुमच्या नगरात खातात काय. मग पोरांनी बाभळीवरून डिंक खरवडून आणला. लालसर, टणक, भिजवला की असा घट्ट की बोटाला बोट चिकटावं. तो डिंक लक्षात ठेवा.

गुरुवारी माझ्या दुसरीतली एक मुलगी आली. तिला मी मनात एकवेणी म्हणत असे, कारण तिची आई कामावर जायच्या घाईत एकच वेणी घालून द्यायची आणि दुसऱ्या बाजूचे केस दिवसभर वाऱ्यावर असायचे. तिनं फडक्यात बांधून काहीतरी आणलं होतं. दोन्ही हातांनी पुढं केलं. उघडून बघते तर तळहाताएवढाही नसलेला एक पातळ, काळपट पत्रा, त्यावर ठोकून काढलेलं चित्र. घोडा, घोड्यावर माणूस, माणसामागं बाई, घोड्याच्या पायाशी कुत्रं.

मला वाटलं कुठल्यातरी जुन्या डब्याचं झाकण असेल. "शाब्बास," मी सगळ्या वर्गाला दाखवत म्हणाले, "ही बघा खरी टाकाऊ वस्तू."

"व्हय बाई," ती मान डोलवत म्हणाली, "टाकच हाय. अजून दोन हायती, पर ह्यो आज्जीचा आवडता."

मी माझ्या सोयीचं तेवढं ऐकलं. मुलांचे उच्चार सुधारायला हवेत अशी पाठाच्या टाचणात नोंद केली आणि पत्रा राखेनं घासून लख्ख केला. तेवढी एक सेवा माझ्या हातून नकळत घडली, ती कुठं जमा झाली असेल तर असो.

हा पत्रा कुठं लावायचा, यावर मी शुक्रवारचा सबंध दिवस विचार केला. माझ्या आदर्श गावात पक्का रस्ता होता, बालवाडी होती, ग्रामपंचायत होती, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची पाटी होती, काठोकाठ निळा कागद भरलेली विहीर होती. एका काडेपेटीच्या इमारतीला मात्र काम मिळालं नव्हतं. पत्र्यावर घोडा होता, कुत्रं होतं. दोन जनावरं एकत्र कुठं दिसतात? मला एकदम सुचलं आणि माझं मलाच कौतुक वाटलं. काडेपेटीच्या दर्शनी बाजूला पत्रा डिंकानं पक्का बसवला आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलं: गुरांचा दवाखाना. मग सगळा देखावा माझ्या जुन्या पातळानं झाकून ठेवला. साहेबांसमोर एकदम उघडायचा होता ना.

शनिवारी सकाळी सातला गुरुजींनी पातळाचं टोक उचललं. चष्मा पुसून पुन्हा घातला. मग डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, उकडत असेल.

"बाई, ह्या दवाखान्यावर काय लावलंय?"

मी सांगितलं, पाटी आहे, जनावरांचं चिन्ह म्हणून घोडा आणि कुत्रा.

"आणि घोड्यावर कोण बसलंय?"

"डॉक्टर असतील," मी म्हणाले. "मागं त्यांच्या मिसेस."

गुरुजींनी दोन चिमट्या तपकीर एकदम ओढली. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तो खंडोबा आहे. मागं म्हाळसा आहे. हा कुणाच्यातरी देव्हाऱ्यातला टाक आहे."

आता आमच्या घरी देव्हारा नाही. भिंतीवर येशूचं चित्र आणि खाली सोसायटीचं कॅलेंडर, एवढंच आमचं देवघर. देवाचा ठसा असलेल्या पत्र्याला टाक म्हणतात, तो पिढ्यान्‌पिढ्या घरात पुजला जातो, हे मला तिथं उभ्या उभ्या पहिल्यांदा कळलं. पुढं सुट्टीत वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपल्याही घरात होता म्हणे. पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा टाकला नाही हं, रात्रीतून चालत जाऊन थोरल्या भावाकडं पोचवला. पण ते नंतरचं. त्या सकाळी एकवेणीला बोलावलं. का आणलास गं हा?

"तुमीच म्हनला की, टाकाऊ आना," ती म्हणाली. "घरात येका जागी बसून आसतं, काम करत न्हाई, जपून ठिवलेलं आसतं. मग टाकच की."

एवढा अचूक पाठ माझ्या नोकरीत नंतर कुणी दिला नाही. कसला राग करणार? विचारलं, घरी कळलं नाही का? तर आज्जी आठ दिवस लेकीकडं कोल्हारला गेली होती, तिथं पाटाला पाणी होतं. आई पहाटे खडीवर जायची. जाताना देव्हाऱ्याच्या दिशेनं दोन थेंब उडवायची, मोजायची थोडीच? आज्जी रविवारी देवाच्या पूजेला चुकत नाही, म्हणून आज येणार होती. सकाळच्या एसटीनं.

सकाळच्या एसटीनंच साहेबही येणार होते.

मी फूटपट्टी घेतली आणि टाक सोडवायला लागले. सुटेना. चौकटीतलं ते विशेष प्रावीण्य खोटं नव्हतं. मी चिकटवलेलं निघत नसे. आणखी जोर लावला तर पत्रा वाकला असता. गुरुजींनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. ते आवाज न चढवता म्हणाले, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर गाव म्हणालं असतं, चूक झाली. तुमच्या बाबतीत काय म्हणतील ते मला सांगता येत नाही."

मला नीट कळलं. मिशनच्या बाईनं आमचा देव नेला आणि गुरांच्या दवाखान्यावर डकवला. यात एकही शब्द खोटा नव्हता. बदली राहू दे, नोकरी तरी राहील का, आणि माझ्या मागून त्या गावात दुसरी ख्रिस्ती बाई कोण पाठवील, असले विचार डोक्यात येत होते. तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि एकवेणी आज्जीला गाठायला पळाली. मी पर्समधल्या अर्जावर हात ठेवून उभी राहिले, जसा काही तो ताईतच होता.

साहेब घामाघूम आले. पाणी प्याले, अर्धा तांब्या. त्या वर्षी तो मोठा पाहुणचार होता. पाढे म्हणवून घेतले, हजेरीपट पाहिला, गुरुजींच्या वर्गाला भागाकार घातला. प्रत्येक गोष्टीला तासभर लागावा अशी मी मनात प्रार्थना करत होते, पण शासनाचा माणूस त्याच दिवशी भराभर काम उरकत होता. शेवटी म्हणाले, "कार्यानुभवाचं काय केलंय?" मी पातळ काढलं.

ते वाकून बघायला लागले. रस्ता चांगला आहे म्हणाले. विहिरीत पाणी आहे, हे पाहून हसले. आणि त्याच वेळी दारात सावली पडली. एकवेणीची आज्जी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कोल्हारची पिशवी अजून काखेत. मागं कामावरून अर्ध्यातून उठून आलेल्या चार-पाच बाया, केसांत खडीची पांढरी धूळ. देव्हारा रिकामा बघून म्हातारीनं नातीला विचारलं असणार आणि नातीनं खरं ते सांगितलं असणार. एकवेणी आज्जीचा पदर धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचा खालचा ओठ थरथरत होता. माझाही.

म्हातारी आत आली. साहेबांना बाजूला सारून देखाव्यापुढं उकिडवी बसली आणि दवाखान्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?" तिनं विचारलं.

ते माझंच अक्षर होतं. मी वाचलं, "गुरांचा दवाखाना."

"आसं व्हय," म्हातारी म्हणाली. मग मागं वळून बायांना म्हणाली, "तरीच म्हनलं, आमच्या म्हशीनं परवापास्नं वैरन कशी धरली. आठ दिस तोंड लावीत नव्हती. द्येव हितं येऊन बसलाय दवाखान्यात, म्हून." तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, भंडारा काढला आणि माझ्या आदर्श गावावर चिमूटभर उधळला. बालवाडी पिवळी झाली, लाल त्रिकोण पिवळा झाला. मागच्या बायांपैकी एकीनं आपल्या शेळीचं नाव घेतलं आणि हात जोडले. दुसरीनं छावणीतल्या बैलाचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली.

साहेब गोंधळून उभे होते. म्हातारीनं त्यांच्या पायांकडं बोट दाखवलं. "सायेब, पायतान."

साहेबांनी बूट काढले. उजव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा ते दुसऱ्या पायाखाली लपवत राहिले आणि तसेच, एका पायावर, गुरुजींना विचारते झाले की हा नक्की काय उपक्रम आहे?

गुरुजी आयुष्यात कधी अडखळले नसतील. "लोकश्रद्धेच्या माध्यमातून पशुसंवर्धन, साहेब," ते म्हणाले. "बाईंची कल्पना."

साहेबांनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि शेरेपुस्तक मागवलं. खुर्चीत बसून, बूट न घालता, एक पान भरून लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मग हात जोडून एसटी परत फिरायच्या आत फाट्याकडं गेले. जाताना मला एवढंच म्हणाले की अशी तळमळ मी जिल्ह्यात पाहिली नाही. मी अर्ज काढायला पर्स उघडणार, तोवर गुरुजींनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. आधी वाचा, म्हणाले.

शेरा 'उत्तम' नव्हता. 'अत्युत्तम' होता. पशुसंवर्धनाचं ते वाक्य जसंच्या तसं होतं. आणि शेवटची ओळ अशी: 'सदर शिक्षिकेने ग्रामस्थांशी जोडलेले नाते पाहता, शाळेच्या व गावाच्या हितासाठी त्यांची येथून बदली करण्यात येऊ नये.' खाली सही, हुद्दा, शिक्का. मी ती ओळ तीनदा वाचली. गुरुजी तपकिरीच्या डबीत काहीतरी शोधत होते.

आता टाक सोडवायचा होता. मी म्हातारीला सांगितलं की तो निघत नाही, माझ्याकडून चुकून बाभळीच्या डिंकानं... तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "पान्यानं सुटतोय डिंक. द्येवाची आंगुळ हितंच करू." साहेबांनी उरवलेला अर्धा तांब्या तिनं उचलला आणि खंडोबाच्या डोक्यावर संथ धार धरली. डिंक विरघळला. दवाखाना कलला. पाणी रस्त्यावरून वाहिलं, बालवाडी विरून गेली, ग्रामपंचायत खचली. निळ्या कागदाच्या विहिरीत खरं पाणी साठलं. त्या वर्षी त्या पंचक्रोशीत पाणी लागलेली ती एकच विहीर. चार दिवसांची माझी मेहनत चिखल होऊन पातळावर उतरली आणि टाक मोकळा झाला.

मी तो पदरानं पुसून तिच्या हातात द्यायला गेले. तिनं हात मागं घेतले.

"मी नगं. ज्यानं बसिवला त्यानंच उठवायचा, आन् घरी पोचवायचा. रीतच हाय."

ही रीत खरी आहे की तिनं तिथं उभ्या उभ्या काढली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, असेलही. मी ओंजळीत खंडोबा घेतला आणि गावातून निघाले. पुढं एकवेणी, मागं म्हातारी, तिच्या मागं खडीच्या धुळीतल्या बाया. मिशनच्या शाळेत आम्हाला रविवारी चर्चला नेताना शिकवलेल्या चालीनं मी ताठ मानेनं चालत होते. दुसरी चाल येत नव्हती. वाटेत दोघा म्हाताऱ्यांनी हात जोडले. ते अर्थातच मला नव्हते, पण मी मान लववली, सवयीनं.

घर दोन खणांचं. देव्हाऱ्यात दोन टाक बसलेले, मधली जागा रिकामी. म्हातारीनं सांगितलं तिथं मी तिसरा ठेवला. घासून लख्ख केलेला एकच, बाकी दोघे काळे. ती म्हणाली, "आता ह्या दोघांची बी पाळी लाव."

बाहेर पडवीत बसले तेव्हा गोठा समोर होता. खुंटा होता. दावं खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं. गव्हाणीत वैरणीची काडी नव्हती, आणि जमीन अशी कोरडी की तिथं दोन-तीन महिन्यांत जनावर उभं राहिलेलं नसणार. मी इकडं तिकडं पाहिलं. घरामागं डोकावले.

"आज्जी, म्हैस कुठं आहे?"

"कोनची म्हस?" म्हातारी म्हणाली.

तिनं पिशवीतून कोल्हारचा गूळ काढला आणि फोडायला घेतला. "तू रडाया लागली आसतीस," ती गुळाकडं बघतच म्हणाली. "तुला बघून माजी पोर रडली आसती. मग मला दुसरं काय सुचलं न्हाई." खडा फोडून झाल्यावर म्हणाली, "आन् कोनी इचारलं तर म्हस बरी हाय म्हनायचं. गाभन हाय म्हनायचं."

चूल पेटत नव्हती. कामावरून आणलेल्या काटक्या ओल्या नव्हत्या, पण चिपाड नव्हतं, गोवरी नव्हती. म्हैस नव्हती तर गोवरी कुठून असणार? एकवेणी फुंकणी घेऊन बसली होती, धुरानं डोळे लाल. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले आणि हाताला घडी लागली. ती काढून मांडीवर ठेवली. अंथरुणाला खिळलेले वडील, नळ, बादली, सगळं त्यात होतं, माझ्या सुवाच्य अक्षरांत.

मुलीनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. विचारायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं; एवढ्यात एकदा अंगाशी आलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "ह्यो टाकाऊ हाय का?"

शब्द तिनं बरोबर वापरला होता. माझ्या अध्यापनाचा तो पहिला पुरावा. मी हो म्हणाले.

तिनं कागद काटक्यांखाली सारला. चांगला जाड, सरकारी अर्जाचा कागद, पटकन पेटला. त्या गावात मी पुढं नऊ वर्षं राहिले, आणि त्या नऊ वर्षांत कुणी ना कुणी मला म्हशीची खुशाली विचारत राहिलं. दर वेळी मी बरी आहे म्हणून सांगितलं.

चहा चांगला झाला होता. गुळाचा, काळा. दूध नव्हतं.